पालखीने जिंकलेली राजधानी

लिथुआनियाची राजधानी परत मिळाली तेव्हा मी तिथे होतो. नऊवारी लुगडं नेसून, डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन मी तिच्या वेशीबाहेर बसलो होतो आणि माझ्या खांद्यांवर सावरीच्या कापसाचा बर्फ पडत होता. आज हे सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. बघोत. त्या काळी माझी कंबर अशी होती की गावात नाटक बसायचं ठरलं की नायिकेचा शोध थेट आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन संपे. मी बंदरावर वडिलांच्या दुकानात दिवसा तांदूळ मोजायचो आणि दिवे लागले की तालमीत पदर सावरायचो.

आमचं गाव रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीच्या काठी. पावसाळा सरला की मुंबईची आगबोट रत्नागिरीला लागे आणि तिथून टपाल, वर्तमानपत्रं होडीने आमच्या बंदरात येत. देऊळ एक, शाळा एक, आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले की मतं मात्र माणशी दोन.

या गावात लिथुआनिया आणला तो शाळेच्या मास्तरांनी. रत्नागिरीत कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात इंग्रजी विश्वकोशाचा एकच खंड त्यांच्या हाती लागला. एल अक्षराचा. बाकीची अक्षरं कोणी नेली देव जाणे. मास्तरांनी तो खंड इतक्या वेळा वाचला की लंडन, लिस्बन, लिंबू आणि दीपगृह या विषयांवर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. अमेरिकेबद्दल मात्र ते बेतानेच बोलत.

त्या खंडात त्यांना हा देश भेटला आणि मास्तर त्याच्या प्रेमातच पडले. संध्याकाळी दुकानात येऊन गुळाच्या ढेपेशेजारी बसत आणि सांगायला लागत. या लोकांच्या मोठमोठ्या राया होत्या, आपल्या देवराईसारख्या. त्यात कुऱ्हाड घालायची नाही. अखंड अग्नी तेवत ठेवायचा. घरात साप राहिला तर त्याला मारायचं नाही, दूध ठेवायचं. आजूबाजूचा सगळा युरोप ख्रिस्ती झाला तरी हे आपल्या झाडांना धरून राहिले. एके काळी त्यांचं राज्य एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत होतं. मग त्यांच्या राजाने शेजारच्या पोलंडच्या राणीशी लग्न ठरवलं. लग्नाची अट म्हणून धर्म बदलला, अग्नी विझवला, राया तोडल्या. दोन राज्यांचं एकत्र कुटुंब झालं.

"एकत्र कुटुंब म्हणजे पुढे काय ते सांगायला नको," आमचे मानकरी म्हणत. पालखीचा पहिला मान त्यांच्या घराकडे होता आणि चुलतभावाशी एका बांधावरून त्यांचा दावा रत्नागिरीच्या कोर्टात चालू होता. लिथुआनियाचा इतिहास गावात सर्वांत आधी कोणाला कळला असेल तर त्यांना.

पुढे रशियाने दोघांनाही गिळलं. झार बादशहाने फर्मान काढलं की या लोकांची पुस्तकं त्यांच्या लिपीत छापायची नाहीत. चाळीस वर्षं. तेव्हा साध्या शेतकऱ्यांनी हद्दीपलीकडे जर्मन मुलखात छापलेली पुस्तकं गवताच्या भाऱ्यात लपवून चोरून आणली. पकडले गेले ते सैबेरियात गेले. शाळा नाही म्हणून आया चरख्यावर सूत काततानाच मुलांना मांडीशी घेऊन अक्षरं शिकवत. हे सांगताना मास्तरांचा आवाज जड होई आणि मला गिऱ्हाइकाला थांबवून ठेवावं लागे.

खंड तिथेच संपत होता, कारण तो महायुद्धाच्या आधीचा होता. पुढचं मास्तरांनी वर्तमानपत्रांतून वेचून गोळा केलं. महायुद्ध संपता संपता देश स्वतंत्र झाला, आणि घराला नवा उंबरा बसवतोय तोवर पोलंडने त्यांची जुनी राजधानी विल्ना बळकावली. तेव्हापासून दोघांत अबोला. रस्ता बंद, आगगाडी बंद, टपाल बंद. राजधानी पलीकडे दिसते आहे आणि यांनी दुसऱ्या गावात तात्पुरतं बिऱ्हाड केलं आहे.

"अजून?" मानकऱ्यांनी विचारलं.

"गेल्या वर्षी पोलंडने दम देऊन बोलायला लावलं. पण शहर काही दिलं नाही."

"कोर्टात जायचं की!"

"गेले होते. सगळ्या जगाच्या पंचायतीत गेले."

"मग?"

"तारखा पडल्या."

मानकऱ्यांनी जो सुस्कारा सोडला तो ऐकून विल्नातले लोकही हळहळले असते.

तर या सगळ्याचं मास्तरांनी नाटक लिहिलं. एकोणचाळीस सालच्या शिमग्यात, देवळाच्या अंगणात, पालखीपुढे करायचं. का, ते त्यांनी मला एकट्याला सांगितलं. कारण शेवटचं वाक्य माझ्या तोंडी होतं.

"मी जन्मभर पोरांना मंजूर झालेला इतिहास शिकवला," ते म्हणाले. "त्यात काय गाळलंय ते मला दिसत होतं, तरी शिकवला. आता पेन्शन जवळ आली. त्याआधी एकदा, कोणत्या तरी लोकांचा इतिहास घडला तसा सांगायचाय. पदरचं काही घालायचं नाही, त्यातलं काही काढायचं नाही. आपला सांगू देणार नाहीत. मग त्यांचा सांगतो."

"आणि शेवट?"

"शेवट हाच. ती आई राजधानीच्या बंद वेशीसमोर बसते. म्हणते, शहर परत येईपर्यंत आम्हाला चैन पडणार नाही. पडदा. गाणं नाही, काही नाही. तेवढं सांभाळ बाबा."

मी मान डोलावली. मास्तरांच्या आयुष्यात त्यांना हवी तशी एकच गोष्ट व्हायची होती आणि ती माझ्या लुगड्याच्या पदराला बांधलेली होती.

त्या दिवसांत नाटकाची संहिता आधी सरकारात दाखवून पास करून घ्यावी लागे. मास्तर घाबरत घाबरत रत्नागिरीला गेले. म्हणजे वरवर घाबरत. आतून त्यांची इच्छा होती की साहेबाला संशय यावा, त्याने दोन-चार वाक्यांवर लाल रेघ ओढावी. परके राज्यकर्ते, बंद पाडलेली पुस्तकं, एवढं सगळं लिहिल्यावर माणसाला तेवढी आशा असणारच. परत आले ते चेहरा पाडून.

"काय झालं? नामंजूर?"

"मंजूर. साहेबाने विचारलं, यात वाईट कोण? म्हटलं, रशियाचा झार. तो म्हणाला, व्हेरी गुड. मला चहा पाजला."

पहिला पराभव चहा पाजून झाला. पुढचे तसे झाले नाहीत.

तालमी सुरू झाल्या. राई तोडण्याचा प्रवेश पहिला होता आणि तिथेच गाडी अडली, कारण कुऱ्हाड मारणारा सैनिक व्हायला कोणी तयार होईना. खोटं झाड आहे, बांबूला पानं बांधलेली आहेत, हे सगळ्यांना मान्य होतं. पण राई ती राई. शेवटी मुंबईहून आलेला गिरणीतला एक चाकरमानी पुढे झाला. मुंबईत देवाची नजर तितकी पोचत नाही असा त्याचा समज होता. तोही प्रत्येक तालमीला आधी बांबूपुढे नारळ ठेवी, कान पकडी आणि मग "पाखंड्यांनो, ही झाडं आता पडणार!" असं गरजे. मास्तर म्हणायचे, अहो, तो राजाचा हुकूम बजावणारा शिपाई आहे, त्याने माफी मागितल्याचा इतिहासात पुरावा नाही.

"पुरावा नाय म्हणून मागितली नसंल कशावरून?" चाकरमानी म्हणे.

बर्फाचा प्रश्न खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या चाचांनी सोडवला. ते जन्मभर बोटीवर खलाशी होते आणि बर्फ पाहिलेला माणूस पंचक्रोशीत तेवढा एकच. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

"बरफ म्हंजे काय मास्तर, डोल्यान बगलाय मी. मीठ! निस्ता मीठ. आभाळातनं मिठागर सांडलाय असा वाटता."

"मीठ वरून टाकलं तर नटांच्या डोळ्यांत जाईल, चाचा."

"मंग कापूस टाका. सावरीचा. पन झार बादशा माजा कोट घालल, ह्या आदी ठरवा."

त्यांचा बोटीवरचा जाड ओव्हरकोट झाराला मिळाला आणि मार्चच्या उकाड्यात झार दर प्रवेशाला घामाने भिजून निघू लागला. सावरीची बोंडं त्याच सुमाराला फुटतात, त्यामुळे बर्फाला तोटा नव्हता. एकच अडचण होती. गॅसबत्तीजवळ तो कापूस भक्कन पेटे. म्हणून नाटक उन्हं कलल्यावर, दिवसाउजेडी करायचं ठरलं.

राजधानी गणपती रंगवणाऱ्याने बांधली. चटया आणि बांबू, पुढे मोठी वेस. युरोपातला दगड त्याने पाहिला नव्हता, म्हणून विल्नाची तटबंदी अस्सल जांभ्या चिऱ्यांची झाली. मास्तरांनी नुसते डोळे मिटले. ते म्हणाले, चालेल, शेवट खरा असला की बाकी चालेल.

आणि शेवटावरच गाडी आली. एका तालमीला मानकरी येऊन बसले, सगळं मनापासून पाहिलं, पुस्तकं लपवण्याच्या प्रवेशाला डोळे पुसले. मी वेशीसमोर बसलो, शेवटचं वाक्य म्हटलं, मास्तर म्हणाले, पडदा.

"आणि?" मानकरी म्हणाले.

"संपलं."

"संपलं कसं? गाव बळकावलं ना त्यांनी? आता लढाई होऊ दे."

"लढाई होत नाही. शहर परत मिळत नाही. आज घडीला ते पोलंडकडेच आहे."

"ते तिकडं. इथं उत्सव आहे, मास्तर. पालखी बसलेली असणार समोर. देवापुढं बाई रडत बसली आणि पडदा टाकून लोकांना घरी पाठवायचं? वर्ष कसं जाईल गावाचं?"

मास्तरांनी समजावून पाहिलं. रत्नागिरीला ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं होतं, त्याचा वाडा सगळ्यांनी पाहिला होता. मास्तर म्हणाले, "त्या राजाला मिळाली का राजधानी परत? इथंच वारला. तुम्ही-आम्ही पाहिलंय. जग असंच असतं."

"तो आमच्या देवाकडं मागायला आला नव्हता," मानकरी म्हणाले. "आला असता तर बघितलं असतं."

वाद गुरवाकडे गेला. गुरव शांत माणूस. तो म्हणाला, देवाला विचारू. कौल लावू. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडे आणि डावीकडे, आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारलं, नाटक होऊ दे का? उजवी पाकळी टपकन खाली. मग विचारलं, शेवट मास्तरांचा तसाच ठेवायचा का?

काहीच पडलं नाही. उजवी नाही, डावी नाही. आम्ही बसलो. मानकऱ्यांनी दोनदा तपकीर ओढली. पाकळ्या जागच्या हलेनात.

"देव विचार करतोय," गुरव म्हणाला. "सवडीनं सांगंल."

मास्तरांनी हा आपला विजय मानला. नकार नाही, म्हणजे होकार. मला तेव्हाच शंका आली होती. पण मी नायिका होतो, नायिकेला कोण विचारतो.

नाटकाच्या दिवशी अंगण फुलून गेलं. हेदवीपासून माणसं आली होती. पालखी रंगमंचाशेजारच्या चौथऱ्यावर, सहाणेवर, विसावली होती. आत देवाचे चांदीचे मुखवटे, वर झेंडूच्या माळा. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने मोठ्याने बोलून मागणं.

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!" अख्खं अंगण.

"आज तुझ्या पायाशी लांबच्या मुलखातली माणसं आलेली आहेत. त्यांची राई तोडली, त्यांचा इस्तू विझवला, त्यांची पुस्तकं बंद केली…"

"होय महाराजा!"

"त्यांचं गाव भावकीनं बळकावलं. काय चुकलंमाकलं असंल ते पदरात घे, आणि आलेल्यांना गोड करून माघारी धाड!"

"होय महाराजा!"

मास्तर विंगेत माझ्या शेजारी उभे होते. "गोड करून?" ते पुटपुटले. "हे कोणी लिहिलं?"

नाटक छान झालं, हे मी आजही सांगतो. राईवर कुऱ्हाड पडली तेव्हा बायकांनी बोटं मोडली. पुस्तकांचा भारा घेऊन गवळ्याच्या वेषातला माणूस हद्द ओलांडू लागला तेव्हा प्रेक्षकांतून आवाज आला, "डावीकडनं जा रं, उजवीकडं शिपाय हाय!" आणि तो गाढव खरोखरच डावीकडून गेला. झाराला त्याच्या कोटात घेरी आली, त्याचा सगळ्यांना आनंद झाला. मी चरख्यावर मुलाला अक्षरं शिकवली तेव्हा अंगण इतकं गप्प होतं की खाडीवरची टिटवी ऐकू येत होती.

मग शेवट. मी जांभ्या दगडाच्या राजधानीसमोर बसलो. वेशीवर पोलंडचा शिपाई, मानकऱ्यांचा पुतण्या, लाकडी तलवार घेऊन. वरून कापूस पडू लागला. मी वेशीकडे पाहिलं आणि म्हटलं, "हे शहर परत येईपर्यंत आम्हाला चैन पडणार नाही."

कोणी हललं नाही. मास्तरांनी पडद्याच्या दोरीला हात घातला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा चेहरा पाहिला. देवळात पहिल्यांदा आलेल्या माणसासारखा. आणखी एक श्वास, आणि त्यांचा इतिहास झाला असता.

पण एवढी शांतता आमच्या ताशेवाल्याला सोसली नाही. बिचारा पहिल्या प्रवेशापासून पालखीजवळ पेंगत होता. आवाज थांबल्याने त्याला जाग आली, खेळ संपला असं त्याला वाटलं, आणि त्याने काड्या उचलल्या. ताशा वाजला की ढोल वाजतो. ढोल वाजला की भोई पालखीला खांदा देतात. हे कोणी ठरवावं लागत नाही. हे आमच्या हाडांत आहे. पालखी उठली, दोनदा झुलली आणि नाचू लागली.

"थांबवा!" मास्तर ओरडले. "अजून पडदा नाही पडला!"

आता, पालखी कशी चालते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी काय सांगू? खांदा माणसांचा असतो, जाणं तिचं असतं. भोयांना विचारा, मंडणगडचे असोत की राजापूरचे, एकच सांगतील. ती ओढते. तिने ओढ घेतली ती रंगमंचाकडे. फळ्या करकरल्या. झेंडूच्या माळा हेलकावे खात माझ्या डोक्यावरून गेल्या आणि पालखी विल्नाच्या वेशीसमोर उभी राहिली. मागे, पुढे. मागे, पुढे. अंगण उठून उभं राहिलं.

पोलंडच्या शिपायाचा मी काय दोष काढू? त्याने कर्तव्य म्हणून तलवार एकदा वर केली. मग समोर कोण आहे ते त्याच्या लक्षात आलं. त्याने तलवार पायाशी ठेवली, टोपी काढली, कान धरले, आणि वेस आपल्या हाताने उघडून बाजूला झाला.

पालखी राजधानीत शिरली. चटईची तटबंदी दोन्हीकडे आडवी झाली. गुलाल उडाला, सावरीचा बर्फ गुलाबी झाला, आणि गर्दीने मला, लिथुआनियाच्या आईला, उचलून पालखीमागोमाग शहरात नेलं. माझा एक पाय जमिनीला लागत नव्हता. मी मागे वळून पाहिलं. मास्तर दोरी धरून उभे होते. ओढावी तरी पडदा कुठे पडणार? खाली देव होता.

गुलाल बसल्यावर ते गुरवाकडे गेले. "खोटं आहे हे."

"देव खोटा?" गुरवाने विचारलं. रागाने नव्हे, खरोखर विचारलं.

"देव नाही. इतिहास खोटा झाला."

"मग इतिहासाला सांगा सुधारायला. देवानं आपलं सांगून टाकलं."

पुढे पाडव्याच्या आसपास वर्तमानपत्र आलं. जर्मनीने दम देऊन लिथुआनियाचं एकुलतं एक बंदर काढून घेतलं होतं. मास्तर कागद नाचवत मानकऱ्यांकडे गेले. "हे बघा! इथे तुम्ही गुलाल उधळताय आणि तिथे हे!"

मानकऱ्यांनी बातमी नीट ऐकून घेतली. "बंदर नाटकात होतं का?"

"नव्हतं."

"मग आमच्याकडं कसलं विचारताय? पुढच्या शिमग्याला बंदर घाला."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. दुकानात आले, गुळाच्या ढेपेशेजारी बसले. मी त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला, तो त्यांनी बराच वेळ हातातच धरून ठेवला. पेन्शन झाली. नाटक पुन्हा करायचं त्यांच्या मनातही राहिलं नाही.

पावसाळा गेला. युरोपात पुन्हा महायुद्ध पेटलं. एकीकडून जर्मनी, दुसरीकडून रशिया शिरला आणि पोलंड मोडून पडला. आणि दसरा झाल्यावर एका दुपारी होडीने जो गठ्ठा आणला त्यात बातमी होती की रशियाने विल्ना शहर लिथुआनियाला परत दिलं. लिथुआनियाचं सैन्य शहरात शिरलं.

मी ती दुकानात मोठ्याने वाचली. चूक केली म्हणणार नाही, पण तेवढ्या वेळात ती बातमी देवळापर्यंत गेली. ढोल वाजला. चाचा खाडी ओलांडून आले. कोटाचा वाटा म्हणून त्यांना पहिला नारळ मिळाला. पोलंडचा शिपाई तर छाती काढून फिरत होता, कारण वेस त्याने उघडली होती.

"बायो, मिळालं गं तुझं गाव!" मानकरी मला म्हणाले. त्या नाटकापासून ते मला तशीच हाक मारत. मग मास्तरांकडे वळून हात जोडले. "आता तरी शेवट बदला, मास्तर. आता खराच झाला की नाही?"

मास्तर दुकानाच्या पायरीवर माझ्या हातातला कागद घेऊन उभे होते. ते खालचा परिच्छेद वाचत होते. वर बघून म्हणाले, "शहर दिलं. त्या बदल्यात रशियाची फौज लिथुआनियात राहणार. हजारोंनी. त्यांचे तळ पडणार."

ढोलात कोणाला ऐकू गेलं नाही. मानकऱ्यांना मात्र गेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा गुलाल तसाच होता, पण त्याखालचा माणूस एकदम कोर्टाच्या पायरीवर जाऊन बसला.

"म्हणजे बांध सोडवून दिला, आणि सोडवणाऱ्यानं आपली माणसं आमच्या पडवीत झोपवली?"

"तसंच."

"कोण हे? तेच, झारवाले?"

"झार गेला. माणसं तीच."

मानकऱ्यांनी बराच वेळ उपरण्याचं टोक चोळलं. "आपलं चुकलं," ते हळूच म्हणाले. "गाऱ्हाण्यात राहून गेलं. गाव मागितलं, ते देवानं दिलं. कोणाच्या हातून, ते बोललोच नाही आपण." आणि त्यांना कोणीतरी नाचायला ओढून नेलं.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "मी खोटं म्हणालो होतो," ते म्हणाले. "आता हेच खरं. वर्तमानपत्रात छापून आलंय. आणि मला ते लिहवत नाही."

गर्दी पांगली तेव्हा उन्हं उतरत होती. मास्तर देवळात गेले आणि मी त्यांच्या मागे. जन्मात त्यांनी कधी कौल लावला नव्हता. गुरव समया पुसत होता.

"एक विचारायचं आहे," मास्तर म्हणाले.

गुरवाने ओळखलं. "मास्तरानू, देवाला शीव असते. शिवेच्या आत तो करतो. पलीकडचं नुसतं ऐकून घेतो."

"नाटकात केलं की."

"ते अंगणात होतं. अंगण त्याचं."

मास्तर पाषाणापुढे आले. मग म्हणाले, "ऐकतो तर ऐकू दे."

गुरवाने पाकळ्या ओल्या करून लावल्या. मास्तरांना गाऱ्हाण्याचे शब्द धड येत नव्हते. शाळेत धडा सांगावा तसं ते उभे राहिले, हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना.

"बा देवा महाराजा."

अंगण रिकामं होतं. उत्तर द्यायला मी एकटा. "होय महाराजा," मी म्हटलं. इतक्या मोठ्या देवळात एका माणसाचा होकार फार बारीक वाटतो.

"त्या लोकांचं शहर त्यांना मिळालं, ते राहू दे. त्यांच्या घरात जे शिरलेत ते निघून जाऊ देत."

"होय महाराजा."

आम्ही पाकळ्यांकडे पाहत बसलो. उजवी, डावी. दोन्ही दगडाला घट्ट. दाराबाहेर ढोल वाजवणारे दमून विड्या ओढत होते. एकाने आत डोकावून विचारलं, काय झालं, कोणी आजारी आहे का? गुरवाने मान हलवून त्याला जायला सांगितलं. अंधार पडू लागला तसा तो उठला आणि दाराची कडी हातात घेऊन थांबला.

"मास्तरानू, दार लावायचं होतं."

"लावा ना," मास्तर म्हणाले. पण उठले नाहीत. गुरव कडी धरून उभा राहिला, आणि मीही उभा राहिलो, आणि पाकळ्या होत्या तशाच होत्या.